नीटच्या दिवशी मंडळाने नेमकं काय करावं? (फ्लेक्स सोडून)

आडवाटे
नमस्कार मंडळी. गणपतीच्या वर्गणीतून मंडळाकडे वीस हजार शिल्लक आहेत आणि राबायला पंचवीस पोरं. गल्लीच्या तोंडाशी जी शाळा आहे तिथे नीटचं (वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचं) केंद्र येतं, साधारण ४८० विद्यार्थी, त्यात बाहेरगावचे बरेच. आजवर दोनच गोष्टी होत आल्यात. "भावी डॉक्टरांना हार्दिक शुभेच्छा" असा फ्लेक्स आणि फाटकाशी पाण्याचे पाऊच. फ्लेक्सवर भावी डॉक्टर एकही नसतो, आमचेच सतरा चेहरे असतात. परवाच्या बैठकीत एकाने विचारलं, याने कुणाचा अर्धा मार्क तरी वाढला का? सगळे गप्प.

तर प्रश्न सरळ आहे. परीक्षेच्या दिवशी किंवा आधी-नंतर आजूबाजूच्या लोकांनी काय केलं तर विद्यार्थ्याला खरोखर उपयोग होतो? जेईई, सीईटी या इतर प्रवेशपरीक्षांबद्दल माहीत असेल तर तेही लिहा. दोन महिने हातात आहेत. काय आणायचं, किती आणायचं आणि काय चुकतं, एवढं सांगा.

पेठेतला
फ्लेक्स काढू नका हो. पालकांना तेवढीच सावली.

कपबशी
पाऊच बंद करा, पहिलं ते. तासाभरात गल्लीभर प्लास्टिक होतं आणि पाणी कोमट. हिशोब असा धरा: सहा तास थांबणारे ४०० पालक, माणशी दीड लिटर म्हणजे ६०० लिटर. विद्यार्थी ४८०, आत जायच्या आधी अर्धा लिटर म्हणजे २४०. एकूण ८४० लिटर, म्हणजे २० लिटरचे ४२, थोडे जास्त धरून ४५ जार. जारला ४० रुपये धरले तरी १,८०० मध्ये भागतं. सगळे जार सकाळीच उतरवू नका. निम्मे अकराला, निम्मे दोनला मागवा, नाहीतर दुपारी चहाचं पाणी प्यायल्यासारखं होतं. पारदर्शक बाटली आत नेता येते, म्हणून जारशेजारी लेबल काढलेल्या ५० रिकाम्या बाटल्या ठेवा.

आणि कृपा करून विद्यार्थ्यांना ताक, उसाचा रस, वडापाव वाटू नका. परीक्षेच्या दिवशी पोटाला नवं काही नको. खायला घालायचं तर पालकांना घाला.

गोळाभरणी
आधी त्या दिवसाचं घड्याळ समजून घ्या, बाकीचं त्यावरून ठरतं. २०२५ पासून नीटचा पेपर पुन्हा १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण असा झालाय. वेळ दुपारी २ ते ५. आत सोडायला अकराला सुरुवात होते आणि दीडला फाटक बंद. दीड म्हणजे दीड. मागे पोलीस उभा असो की आमदार, फाटक उघडत नाही.

फाटकावर पोरं अडतात ती अभ्यासामुळे नाही. कारणं दरवर्षी तीच:

फोटो. प्रवेशपत्रासोबत जो नमुना छापून येतो त्यावर पोस्टकार्ड आकाराचा, म्हणजे ४ बाय ६ इंची फोटो लावायचा असतो. शिवाय हजेरीपत्रकासाठी एक पासपोर्ट फोटो सुटा लागतो. अर्ध्यांना वाटतं पासपोर्ट फोटोवरच भागेल. रविवारी स्टुडिओ बंद. तुमच्या गल्लीतल्या फोटोवाल्याला सकाळी ९ ते दीड दुकान उघडं ठेवायला राजी करा. पांढरी पार्श्वभूमी, अर्ज भरताना चढवलेलाच फोटो मोबाइलमध्ये असेल तर उत्तम. वीस हजारातला सगळ्यात कामाचा खर्च हाच, आणि तो हजारभराच्या वर जाणार नाही.

ओळखपत्र. मूळ लागतं. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. हे त्या दिवशी सुधारता येत नाही, म्हणून आदल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर फिरवा.

सही. घोषणापत्रातली एक सही पर्यवेक्षकासमोरच करायची असते. उत्साहात घरीच सगळ्या सह्या उरकून येणारे दर खोलीत दोन-तीन निघतात. कुठला रकाना घरी आणि कुठला आत, हे प्रवेशपत्रावर छापलेलं असतं. वाचायला लावा.

कपडे. अर्ध्या बाह्या, साधी चप्पल किंवा कमी टाचेची सँडल. बूट नाहीत, मोठी बटणं नाहीत. जीन्सच्या धातूच्या बटणावर यंत्र वाजलं की तिथेच पाच मिनिटं जातात. तुमच्या टेबलावर अर्ध्या बाह्यांचे साधे टी-शर्ट (एम, एल, एक्सएल मिळून १५), रबरी चपला १० जोड (६ ते ९ नंबर), केसांना साधी रबरं आणि एक बोथट टोकाची कात्री. हातातला गंडा-दोरा कापायच्या आधी विचारायचं. कापलेला दोरा कचऱ्यात न टाकता पाकिटात घालून पालकाकडे द्यायचा. बारीक गोष्ट आहे, पण पेपरच्या आधी अर्ध्या तासाला एखादी पोर रडत आत गेली तर पहिले वीस प्रश्न तसेच जातात.

नळदुर्ग_नाका
गोळाभरणी दादा, चप्पल १० जोड कमी पडतील. बाहेरगावहून आलेली पोरं नवे बूट घालूनच येतात, आई घेऊन देते मुद्दाम. २५ ठेवा. परत आलेल्या धुऊन पुढच्या वर्षी चालतात.

उलटतपासणी
टेबल कुठे लावणार ते आधी ठरवा. केंद्राभोवती प्रतिबंधात्मक आदेश असतो. पूर्वीचं कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. आदेशात लिहिलेल्या अंतरात, बहुतेक ठिकाणी १०० मीटरमध्ये, जमाव नको आणि झेरॉक्सची दुकानंही बंद. म्हणजे तुमची फोटो छापायची सोय त्या हद्दीबाहेरच हवी, नाहीतर सदिच्छा घेऊन पोलीस ठाण्यात बसाल. पंधरा दिवस आधी पोलीस ठाण्याला आणि केंद्रप्रमुखांना लेखी पत्र द्या: किती माणसं, कुठे, किती वाजेपर्यंत. पोच घ्या. स्वयंसेवकांनी फाटकाशी उभं राहून "हॉल तिकीट दाखव" असं काही करायचं नाही. ते काम त्यांचं.

टळटळीत
शौचालय! कुणीच लिहिलं नाही. ४०० पालक, त्यातल्या निम्म्या बायका, सहा तास. शाळेच्या आत सोडत नाहीत. नगरपरिषदेकडे फिरतं शौचालय असतं, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज दिला की मिळतं. किमान दोन गाड्या, त्यातली एक फक्त महिलांसाठी. पाण्याचा टँकर वेगळा सांगावा लागतो, तो विसरला की गाडी असून उपयोग नाही. आणि पाटी लावा, नाहीतर कुणाला सापडत नाही.

सावलीसाठी २० बाय ६० फुटांचा मांडव, २०० खुर्च्या. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे असतो. मीठ-साखरेचं पाणी करून ठेवा: एक लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, डावभर नव्हे.

पेठेतला
फिरत्या शौचालयाच्या उद्घाटनाला कोणाला बोलावणार?

चष्मिष्ट
हसून हसून पुरेवाट. फीत कापायला गोळाभरणींची बोथट कात्री आहेच.

आडवाटे
भारी माहिती येतेय. सामान ठेवण्याबद्दल विचारायचं राहिलं. एकटी आलेली मुलं बॅग-मोबाइल कुठे ठेवतात? आम्ही टोकन देऊन बॅगा सांभाळायचं म्हणतोय.

गोळाभरणी
सांभाळाच, केंद्र जबाबदारी घेत नाही. पण टोकन देऊ नका. आत कागदाचा कपटाही नेऊ देत नाहीत, टोकन झडतीत फाटकावरच फेकावं लागतं. मग साडेपाचला "माझी काळी बॅग" म्हणणारे पन्नास जण आणि काळ्या बॅगा साठ.

पद्धत अशी ठेवा. बॅगेला पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीने बांधायची. तिच्यावर जाड मार्करने नाव आणि आसन क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे. मोबाइल बंद करून झिपच्या पिशवीत, तीच खूण टाकून, बॅगेतच. बॅगा शेवटच्या आकड्याप्रमाणे शून्य ते नऊ अशा दहा रांगांत लावायच्या, प्रत्येक रांगेत पन्नासच्या आत. प्रत्येक रांगेला एक पोरगा. परत देताना तोंडी नाव, पाच आकडे आणि सोबतचं मूळ ओळखपत्र, वहीत सही. पाचला सुटल्यावर सगळे वीस मिनिटांत येतात. एकच खिडकी ठेवली तर शेवटच्या मुलाची रात्रीची एसटी गेली.

पैसे-दागिने घेऊ नका. सरळ नाही म्हणा.

सुतळीबाँब
सुतळी काळजीपूर्वक बांधा एवढंच म्हणतो.

साडेतीन_टक्के
सगळं चांगलं आहे, पण एक खडा टाकतो. २०२५ ला नीटला २२ लाखांवर मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या सरकारी जेमतेम निम्म्या. १२ लाखांवर मुलं "पात्र" ठरली. पात्र ठरणं आणि प्रवेश मिळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो घरच्यांना निकालानंतर कळतो. अठरात एकाला जागा मिळते तिथे तुम्ही गार पाणी वाटताय. दडपण ज्याने येतं ते तसंच ठेवून मांडव घालायचा, याला आधार म्हणायचं का?

टळटळीत
जागा वाढवणं मंडळाच्या वीस हजारांत बसत नाही. मांडव बसतो.

खडू_फळा
दोघांचंही बरोबर. पण आधी दोन महिने आहेत म्हणता तर ते वापरा. बाहेरून मदत करणाऱ्यांना खरोखर गुणात दिसेल असं एकच काम जमतं, ते म्हणजे सराव परीक्षा. शिकवायला जाऊ नका, ते क्लासवाल्यांवर सोडा. परीक्षेसारखी परीक्षा घ्या.

तीन रविवार, त्याच शाळेतले बाक मिळाले तर सोन्याहून पिवळं. वेळ २ ते ५ च. ही वेळ फार महत्त्वाची आहे, कारण वर्षभर पोरं सकाळी पेपर सोडवतात आणि दुपारी जेवून झोपतात. मेंदूलाही सवय लागते. एप्रिलमध्ये दुपारी दोनला पंख्याच्या वाऱ्यात तीन तास बसणं हाच अर्धा सराव.

उत्तरपत्रिका ओएमआर नमुन्याची, म्हणजे गोळे भरायची, छापून घ्या, १८० प्रश्नांची. एक गोळा नीट भरायला चार सेकंद धरा, म्हणजे ७२० सेकंद, बारा मिनिटं नुसती गोळ्यांची. जी मुलं "शेवटी भरू" म्हणतात त्यांची ही बारा मिनिटं ४:४८ ला सुरू होतात. दुसरा घोटाळा सरकण्याचा: ३७ वा प्रश्न सोडून दिला आणि ३८ चं उत्तर ३७ च्या ओळीत भरलं की तिथून खाली सगळं एका घराने खाली-वर. चूक लक्षात येते १८० ला, आणि काळ्या बॉलपेनाचा गोळा खोडता येत नाही. उपाय म्हणजे पानापानाने भरायचं. एका पानावरचे प्रश्न झाले की त्या पानाचे गोळे, आणि दर दहाव्या प्रश्नाला आकडा ताडून बघायचा.

पेन केंद्रावर मिळतं, स्वतःचं नेता येत नाही. म्हणून सरावाला पाच रुपयांचं साधं पेन द्या, लाडकं जेल पेन नको.

तपासायला शिक्षक लागत नाहीत. उत्तरसूची घेऊन बारावी झालेली चार पोरं दीड तासात शंभर उत्तरपत्रिका तपासतात. बरोबरला ४, चुकीला वजा १. गुण फळ्यावर लावू नका. ज्याचे त्याच्या हातात, घडी घालून.

आडवाटे
घडी घालून का?

खडू_फळा
कारण शेजारच्या जोशांचा मुलगाही त्याच खोलीत बसलेला असतो.

एकशेवीस_मिनिटं
एमएचटी-सीईटी या राज्याच्या परीक्षेवाल्यांसाठी हेच जरा वेगळं. ती संगणकावर असते आणि चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाला पहिली ९० मिनिटं भौतिक-रसायनची, मग ९० मिनिटं गणिताची. पहिला भाग वेळ संपली की आपोआप जमा होतो, त्यातला उरलेला वेळ गणिताला मिळत नाही. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, म्हणजे १०० गुण तिथेच. भौतिक-रसायनचे १०० प्रश्न एकेका गुणाचे.

खेड्यातल्या मुलांची अडचण गणिताची कमी, माऊसची जास्त. वर्षभर मोबाइलवर बोटाने सराव केलेला, आणि परीक्षेला माऊस हातात. गावातल्या एमएस-सीआयटीवाल्याची दहा संगणकांची खोली चार संध्याकाळी तास-तासभर मागून घ्या. पुढचा प्रश्न, खूण करून ठेवणं, परत येणं, एवढंच करायला लावा. जेईई मेनच्या सरावासाठी ती परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावर मोफत सराव परीक्षा आहेतच.

चष्मिष्ट
नाव एकशेवीस मिनिटं आणि पेपर १८० चा? उरलेली साठ कुठे गेली?

एकशेवीस_मिनिटं
ओएमआर भरण्यात.

सोलकर
अवांतर: दक्षिण कोरियात नोव्हेंबरच्या एका गुरुवारी विद्यापीठ प्रवेशाची सुनुंग परीक्षा असते. इंग्रजी श्रवणाच्या ३५ मिनिटांत देशभर विमानांची उड्डाणं-उतरणी थांबवतात. कार्यालयं तासभर उशिरा उघडतात म्हणजे रस्ते मोकळे राहतात, आणि उशीर झालेल्या पोराला पोलीस मोटारसायकलवर बसवून केंद्रावर सोडतात. चिवट गोड चिक्कीसारखा 'योत' देतात, चिकटून राहा म्हणून. चीनमध्ये ७ जूनला गाओकाओ सुरू होते, त्या दिवसांत केंद्राजवळची बांधकामं बंद असतात.

पेठेतला
आमच्याकडे विमानाचं सोडा, डीजे थांबवून दाखवा.

उलटतपासणी
थांबतो, पण आदल्या रात्री आणि कागदावर. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. शासनाने तसं जाहीर केलं असेल तर शाळेभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. निवासी भागात रात्री ४५ डेसिबल, दिवसा ५५. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, त्यामुळे हॉलवाल्यांना आधी भेटा. वरात परीक्षेच्या आदल्या रात्री नऊला संपवा म्हटलं तर माणसं ऐकतात. रात्री अकराला ११२ लावून भांडण काढण्यापेक्षा हे स्वस्त. मंडळाचा डीजे असेल तर तिथूनच सुरुवात. (आहे ना, आडवाटे?)

आडवाटे
आहे. मुद्दा पोचला.

मेसचा_डबा
लातूर-नांदेडला काय चालतं ते बघा, कारण तिकडे अख्खं शहर याच मुलांवर चालतं. सोळा-सतरा वर्षांची पोरं घर सोडून खोली, मेस आणि अभ्यासिका या त्रिकोणात दोन वर्षं काढतात. त्यांच्यासाठी मे महिन्यातल्या एका दिवसाचा काय उपयोग?

पोरगं ढासळायला लागलं की क्लासला कळत नाही, घरी कळत नाही. मेसच्या मावशींना कळतं. लागोपाठ तीन जेवणं चुकली, डबा तसाच परत आला, रोजच्या टेबलावर न बसता एकटा कोपऱ्यात बसतो, चाचणीच्या निकालादिवशी आलाच नाही. मावशींना हे दिसतं, फक्त सांगायचं कुणाला हे माहीत नसतं. म्हणून मेसमध्ये भिंतीवर तीन नंबर लावा: खोलीमालक, क्लासमधला एक जबाबदार शिक्षक आणि टेलि-मानस १४४१६. टेलि-मानस सरकारी आहे, २४ तास, मोफत, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे.

आणि पोरगं "मला नको वाटतंय सगळं" असं काही बोललं तर विषय बदलू नका, अभ्यासाचं भाषणही नको. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार मनात येतो का. विचारल्याने विचार येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना बोलवायचं, १४४१६ ला त्याच्यासमोरच फोन लावायचा.

घरच्यांसाठी एकच: रोज रात्री फोनवर "आज किती पडले" हा पहिला प्रश्न नको. आधी "जेवलास का".

साडेतीन_टक्के
हे पटलं. भर घालतो. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालच्यांना कोचिंगला घेऊ नये, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, आठवड्याची सुट्टी हवी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी नको असं आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढे जाऊन सांगितलं की गुणांवरून तुकड्या पाडू नका आणि शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर समुपदेशक नेमा. गावातल्या क्लासला हे विचारायला मंडळाला कोण अडवतंय? सोमवारी चाचणी असते का, एवढं विचारून बघा.

सेतूवाली
आता खरं सांगू का? सगळेजण अडीच तासांच्या फाटकाभोवती फिरताय. मुलांची वर्षं वाया जातात ती जूनमध्ये, दाखल्यापायी. गुण असूनही जागा जाते. मंडळाने एकच टेबल लावायचं तर ते आता लावा, मे महिन्यात नको.

जात वैधता. अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत जिल्हा पडताळणी समितीकडे (अनुसूचित जमातीचा असेल तर जमातीच्या वेगळ्या तपासणी समितीकडे) अर्ज जायला हवा. पुरावे वडील-आजोबांचे लागतात आणि तारखा ठरलेल्या आहेत: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७, त्याच्या आधीचा कागद. आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीज उतारा काढायला कधी कधी महिना जातो. शाळा बंद पडलेली असते, रजिस्टर दुसऱ्या शाळेत गेलेलं असतं. मंडळातली दोन मोटारसायकलवाली पोरं या कामाला फार उपयोगी पडतात.

नॉन-क्रिमीलेअर. हे त्यावर छापलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपतं. गेल्या वर्षी काढलेलं कपाटात आहे म्हणून आईबाप निर्धास्त, आणि प्रवेशाच्या वेळी ते संपलेलं. तीन वर्षांचं उत्पन्न लागतं, प्रांत कार्यालयातून येतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाका. जूनमध्ये सगळा तालुका दाखले देणाऱ्या सेतू केंद्राच्या दारात असतो आणि त्यात सर्व्हर बसतो.

नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'ज्ञानेश्वर' एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, जातीच्या दाखल्यावर तिसऱ्या. तिन्ही कागद एकाखाली एक ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर आधार दुरुस्ती सगळ्यात सोपी, ती आधी.

शैक्षणिक दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला ५०० चा मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं. कोणी मागितला तर देऊ नका.

नळदुर्ग_नाका
सेतूवाली ताई, एक नंबर. मुद्रांकाचं लई लोकांना माहीत नाही, बाहेर बसलेले आधी तोच घ्यायला लावतात.

सेतूवाली
आणि मुलींसाठी: कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यावर शिक्षण शुल्क पूर्ण माफ, जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. उत्पन्नाचा दाखला तयार नसला की कॉलेज आधी पैसे भरा म्हणतं. घर सोडून राहणाऱ्यांनी शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता बघावा. महाज्योती, बार्टी, सारथी या सरकारी संस्थांचे नीट-जेईईच्या तयारीचे अर्ज दहावीच्या निकालानंतर निघतात, तेव्हा ही माहिती नववी-दहावीच्या वर्गात सांगायला हवी.

एकशेवीस_मिनिटं
दाखल्यांनंतर विकल्प, म्हणजे कॉलेजांची पसंतीयादी. अभियांत्रिकीच्या कॅपमध्ये २०२५ ला चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला विकल्प लागला, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी, तर जागा आपोआप गोठते. घ्यायचीच, नाहीतर बाहेर. मुलं "लागेल असं" कॉलेज वर टाकतात आणि हवं ते खाली. मग पहिल्याच फेरीत नको असलेलं गळ्यात. यादी हवं त्या क्रमाने लावायची, मागच्या वर्षीचा कटऑफ फक्त शेवट कुठे करायचा ते ठरवायला. जुलैत चार लॅपटॉप आणि नियमपत्रिका वाचलेली चार माणसं बसवा. त्या वर्षीची नवी पत्रिका वाचा, नियम बदलतात.

आडवाटे
बैठक झाली. ठरलं ते असं. एप्रिलचा पहिला रविवार ते जूनअखेर दर रविवारी सेतूवाली ताईंच्या यादीप्रमाणे दाखल्यांचं टेबल. तीन रविवारी २ ते ५ सराव, शाळेने आठ खोल्या दिल्यात. परीक्षेच्या दिवशी ४५ जार, २०० खुर्च्या, दोन शौचालयं, बॅगांच्या दहा रांगा, चपला २५ जोड. दहीसाखरेचा आग्रह महिला मंडळाचा आहे, तेवढं राहू द्या.

एक शंका. शेवटची एसटी सात वाजताची. बाहेरगावच्या मुलींचं काय?

टळटळीत
आगारप्रमुखांना पत्र द्या, जादा गाडीसाठी आकडा लागतो. बॅग घेताना वहीत 'कुठे जायचं' हा रकाना ठेवा. तीनपर्यंत गावनिहाय बेरीज हातात येते, मग आगाराला फोन. पन्नासच्या आत असतील तर मंडळातल्याच गाड्या, पण प्रत्येक गाडीत एक बाई हवी. दहीसाखर चमचाभरच.

गोळाभरणी
आणि मांडवात मोठं घड्याळ लावू नका. पालक सहा तास तेच बघत बसतात.

आडवाटे
फोटोवाले काका रविवारी उघडतो म्हणाले, पैसे नको म्हणतात, ते बघू. नगरपरिषदेचं शौचालय मिळालं, पाटी मात्र आपलीच लावा म्हणे. फ्लेक्सवाल्याला आगाऊ दिलेले पैसे परत मिळत नाहीत, सतरा चेहरे छापून आलेत.

पेठेतला
उलटा करा. मागून पांढरा असतो. त्यावर शौचालयाकडे जाणारा बाण काढा.